दाजींनी भरलेलं चाक

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा विरस नको. या हकिकतीत भूत नाही. काळोख नाही, पिंपळ नाही, वाटेत हात दाखवून गाडी थांबवणारी बाई नाही. मोटारीचं एक चाक आहे, आणि जे घडलं ते सगळं भर उन्हात घडलं.

मी यंत्राचा माणूस. मराठी फायनल झाल्यावर सोलापूरच्या एका मिलमध्ये काही वर्षं कारकुनी केली, मग एक जुनी अमेरिकन मोटार विकत घेतली आणि सोलापूर-बार्शी रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस सुरू केली. त्या रस्त्यावरचे दुसरे ड्रायव्हर रेडिएटरपुढे लिंबू-मिरच्या बांधायचे, वाटेतल्या बाळे गावच्या खंडोबाकडे तोंड करून कपाळाला हात लावायचे. मला त्यांचं हसू यायचं. गाडी बंद पडली तर एक तर पेट्रोल पोचत नसतं, नाहीतर ठिणगी पडत नसते. तिसरं कारण नसतं... असं मी स्टँडवर मोठ्या आवाजात सांगत असे. आजही बहुतेक तसंच मानतो. 'बहुतेक' म्हणतो, कारण त्या चाकाचं मला अजून उमगलेलं नाही.

या सदरात इतरांचे अनुभव वाचताना पुष्कळदा मनात आलं की आपलंही लिहावं. दर वेळी कंटाळा आला. आता वय झालं तसा कंटाळ्याचाही कंटाळा आला आहे. म्हणून लिहितो.

*

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात होते. तिथे दिवसभर हवेत कापसाचा भुगा उडतो. पुष्कळ वर्षं तो छातीत गेला आणि दाजींना दम लागायला लागला. जिना चढताना मध्येच थांबायचे आणि कुणी बघितलं तर भिंतीवरचं चुन्याचं काम न्याहाळल्यासारखं करायचे. शेवटी मिल सोडावी लागली. अक्का मला म्हणाली, तुझ्या गाडीवर घे त्यांना, मोकळी हवा तरी लागेल. मी घेतलं. दोघं माझ्याच घरी राहायला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं.

गाडीवरचा दुसरा माणूस म्हणजे काय काम, हे वाचकांना सांगायला हवं. टपावर सामान चढवणं, रेडिएटरमध्ये पाणी, हँडल मारून इंजिन सुरू करणं, आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे हवा. बार्शी रस्त्यावर तेव्हा नुसती खडी, दोन्ही बाजूंना बाभळी, आणि बैलांच्या नालांतून पडलेले खिळे. खेपेला एखादं तरी पंक्चर ठरलेलं. आमच्याकडे उभा पंप होता. खालच्या पट्टीवर दोन्ही पाय रोवायचे, वरची आडवी मूठ धरायची आणि कमरेतून वाकून दाबत राहायचं. चाक दगडासारखं कठीण होईतो धट्ट्याकट्ट्या गड्याचाही सदरा पाठीला चिकटायचा.

मी तो पंप हातात घेतला तर दाजी हिसकावून घ्यायचे. आमच्या धंद्यात एक रीत होती, लिहिलेली नाही पण सगळे पाळायचे. ज्याच्या हातात स्टिअरिंग, तो हवा भरत नाही. तो टोपी सावरत बाजूला उभा राहतो.

"लोकं बघत्यात," दाजी म्हणायचे. "मालकानंच पंप मारला तर मी काय निस्ता घंटा वाजवायला हाय व्हय?"

हवा भरून झाली की ते बोटाला थुंकी लावून व्हॉल्ववर टेकवायचे. बुडबुडा आला नाही की टोपण बसवायचे, टायरवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचे आणि म्हणायचे, "चल."

एकदा पंपाचा वॉशर फाटला तेव्हा त्यांनी ट्यूब काढून टायरमध्ये कडबा ठासून भरला आणि आम्ही तसेच हळूहळू वैरागात शिरलो. गावातली दोन बैलं चाकाचा वास घेत मागे मागे आली. पुढे कितीतरी दिवस वैरागचे लोक आमची गाडी दिसली की विचारायचे, आज इंजिनाला कडबा की सरकी?

त्यांच्या छातीला औषध देणारे डॉक्टर फटफटीवरून फिरायचे. एक बारीक पंप त्यांच्या फटफटीच्या दांडीला अडकवलेला असे. एकदा घरी तपासायला आले, बाहेर पडताना बघतात तर पुढचं चाक बसलेलं. ते ओट्यावर उभं राहून मला बजावत होते की यांना श्रमाचं काम अजिबात नको, विशेषतः तो पंप... आणि दाजी खाली बसून त्यांच्याच फटफटीला हवा मारत होते. डॉक्टरांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी खाली उतरून पंप काढून घेतला. बिचारे ओशाळले. दाजी म्हणाले, "ह्यो तर लेकराचा खेळ हाय डॉक्टरसाहेब, ह्याला काय दम लागतुय?" आणि मग त्यांना खोकला आवरेना.

त्यानंतर मी मुंबईहून नवा पंप मागवला. ती वस्तू तेव्हा आमच्या रस्त्यावर कुणी पाहिली नव्हती. इंजिनाचा एक प्लग काढायचा, त्या भोकात हा पंप आटे देऊन बसवायचा, त्याची लांब रबरी नळी व्हॉल्वला जोडायची आणि इंजिन बाकीच्या प्लगांवर चालू ठेवायचं. इंजिनच हवा भरतं. माणसानं नुसतं बघत उभं राहायचं. मी स्टँडवर करून दाखवला तेव्हा टांगेवालेसुद्धा गोळा झाले.

दाजींना तो पटला नाही. "इंजनाचा धूर चाकात घालतुयास? उद्या चाकबी खोकाया लागंल."

धूर जात नाही, साधी हवाच जाते, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी पंक्चर झालं तेव्हा प्लग तापलेला, पान्याला हात लावला तर पोळत होतं, आणि पितळेचे ते कोरे चकचकीत आटे खडीवर ठेवणं मलाच जिवावर आलं. म्हटलं, राहू दे आज. मग रोजच 'राहू दे आज' झालं. पंप त्याच्या लाकडी पेटीत, मेणकापडात गुंडाळून माझ्या सीटखाली राहिला. दसऱ्याला तो काढला. पान्या-पकडींच्या रांगेत मध्यभागी ठेवला. अक्कानं त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, दाजींनी नारळ फोडला. मग पुसून पुन्हा पेटीत. चांगली वस्तू वापरून खराब करायची नाही, अशी आमच्या घरची शिकवण. लग्नातली भांडी माळ्यावर असतात आणि आम्ही चेपलेल्या ताटात जेवतो. मी तेच त्या पंपाचं केलं.

*

चैत्राचे दिवस होते. सकाळी गाडी काढताना अक्का दारात आली.

"आज त्यास्नी पंप मारू दिऊ नको, बापू. रातभर बसून काढलीया त्यांनी."

मी बरं म्हटलं. दाजींना आज घरी राहा म्हणालो, तर ते ऐकण्याच्या आधीच सामान चढवायला गेले होते.

दुपारी बार्शीहून परतताना वैराग यायच्या आधीच एक चाक गेलं. जादा चाक होतं ते लावलं. वैरागात काही उतारू चढले. त्यांत कडेवर मूल घेतलेली एक बाई होती, आणि अडत दुकानाचा एक मुनीम होता. त्याला सोलापुरात संध्याकाळची आगगाडी गाठायची होती. पुढे वडाळा गावाच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. आता जादा चाकही नव्हतं. ट्यूब काढून ठिगळ लावण्यावाचून गत्यंतर नाही. सावली म्हणाल तर बाभळीची, म्हणजे नसल्यासारखीच. मूल रडत होतं. मुनीम छत्री उघडून माझ्या डोक्याशी उभा राहिला, सावली मात्र स्वतःवर.

"मोटारीनं लवकर पोचतात म्हणून बसलो," तो म्हणाला. "बैलांना निदान पंक्चर होत नाही."

ठिगळ मी लावलं. ट्यूब घासायची, सोल्युशन लावायचं, ते बोटाला चिकटेनासं होईतो सुकू द्यायचं, आणि मग ठिगळ दाबायचं. या कामाला घाई चालत नाही. मी घाई केली. फुंकर मारली, ठिगळ ठेवलं, दाबलं. वारा सुटला होता, धूळ उडत होती. ट्यूब टायरमध्ये घातली, चाक चढवलं.

दाजी पंप घेऊन उभेच होते. मी म्हटलं, दाजी, थांबा. आज पेटीतला पंप काढतो. इंजिन जरा निवू द्या.

दाजींनी मुनिमाकडे बघितलं आणि म्हणाले, "इंजन निवूस्तवर ह्यो पेटंल की."

मी हसलो. आणि ते पट्टीवर पाय रोवून वाकलेसुद्धा.

मी हसलो नसतो तर... असं मी पुष्कळदा म्हणून बघितलं आहे. हसणं हा काही गुन्हा नव्हे. पण मी हसलो म्हणजे मी बरं म्हणालो. सकाळी अक्काला म्हणालो तसंच, त्याच तोंडानं.

त्या दिवशी चाक लवकर भरेना. मला ते दिसत होतं. मी गाडीच्या पुढच्या बाजूला रेडिएटरमध्ये पाणी घालत होतो. पंपाचा आवाज येत होता, मग थांबायचा, मग खोकला, मग पुन्हा पंप. मी एकदा ओरडून विचारलं, झालं का दाजी? उत्तराऐवजी पंपाचाच आवाज आला. मी गेलो तेव्हा ते मडगार्डला धरून उभे होते. ओठ निळसर झाले होते. त्यांनी बोटाला थुंकी लावली, व्हॉल्ववर टेकवली. बुडबुडा नाही. टोपण लावलं. टायरवर थाप मारली. पण 'चल' म्हणाले नाहीत.

"झालं," ते म्हणाले. "आता न्हाय उतरायची."

मुनिमाला आगगाडी मिळाली. दाजी घरी येऊन भिंतीला टेकून बसले, ते पुन्हा नीट उठलेच नाहीत. थोड्याच दिवसांनी एका सकाळी, तसेच बसल्या बसल्या गेले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की छाती पार गेलेली होती, आज ना उद्या हे होणारच होतं, मनाला लावून घेऊ नका. त्यांनी भलेपणानं सांगितलं. मी ते तेवढ्याच भलेपणानं ऐकून घेतलं.

अक्काला सगळं कळलं होतं. वैरागची ती बाई मूल घेऊन भेटायला आली आणि सांगून गेली, की मरणाच्या उन्हात तुमच्या यजमानांनी आमच्यासाठी चाक भरलं. अक्का मला एका शब्दानं बोलली नाही. स्वयंपाक करायची, पान वाढायची, माझा सदरा धुवायची. फक्त मला नावानं हाक मारायची बंद झाली. "वाढलंय," म्हणायची. "पाणी तापलंय." कुणाला, ते नाही.

*

तेराव्यानंतर मी गाडी काढली. एक पंजाबी गडी ठेवला होता, तो सकाळी चारी चाकांची हवा बघायचा. त्या काळच्या ट्यूबा अशा होत्या की काही न होताही रोज थोडी हवा उतरायची. रोज सकाळी थोडी भरावी लागायची. गडी म्हणाला, तीन चाकं भरली, मागचं डावं भरलेलंच आहे.

पहिले काही दिवस मी लक्ष दिलं नाही. मग पाऊस सुरू झाला, बाकीची चाकं पंक्चर होत राहिली, दोनदा फाटलीसुद्धा. मागचं डावं तसंच. मी बोटाच्या पेरानं ठोकून बघायचो. भरलेल्या चाकाचा आवाज वेगळा असतो, आणि तो तसाच्या तसा होता, दाजींनी थाप मारली त्या दुपारचा.

स्टँडवर इमामभाई म्हणून माझ्या वयाचे एक ड्रायव्हर होते. त्यांची गाडी अक्कलकोटला जायची. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"क्या जी मालक," ते म्हणाले, "इस चक्के में हवा भरे या सीसा भरे?"

मी ते हसण्यावारी नेलं. पण श्रावणात एका सकाळी त्याच टायरमध्ये मला नालेचा खिळा दिसला. पार टोपीपर्यंत रुतलेला. खिळा काढला की हवा जाणार, हे मुलालाही कळतं. मी पकडीनं ओढला. करंगळीच्या पेराएवढा सहज होता, रबराला घासून लख्ख झालेला. भोकाला कान लावला. काही नाही. थुंकी लावली. बुडबुडा नाही.

यंत्राच्या माणसानं काय करायला हवं होतं? चाक उतरवून, ट्यूब काढून, पाण्यात धरून बघायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं चाक असतं तर मी तेच केलं असतं. पण ट्यूब काढायची म्हणजे आधी हवा सोडायची. आणि ती हवा दाजींनी भरलेली होती. मी व्हॉल्वच्या टोपणाला हात लावायचो आणि काढून घ्यायचो. हे मी कुणाला सांगितलं नाही. गड्याला बजावलं, त्या चाकाला हात लावायचा नाही.

दसरा आला. अक्का हळदकुंकू करणार नव्हती, आणि पेटी उघडावी असं मला वाटलं नाही. पान्या-पकडींची पूजा मी एकट्यानं उरकली.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेची, म्हणजे गड्ड्याची, गर्दी असते, त्या दिवसांत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. खेपांवर खेपा झाल्या आणि टायर झिजत गेला. बाकीचे टायर मी बदलले होते. हा नाही. वरची नक्षी गेली, मग रबर गेलं, आतल्या कापडाचे धागे दिसायला लागले. असा टायर भरधाव गाडीखाली फुटला तर गाडी उलटते. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि मी त्यावर माणसं बसवत होतो. लेकुरवाळ्या बायका, म्हातारी माणसं. त्या एका दिवसाची चूक मनावर होती, तिच्यापायी मी रोज नवी चूक करत होतो. वेग मात्र मी कमी केला होता. उतारू म्हणायचे, मालक, तुमच्यापेक्षा आमची म्हस बरी.

एका दुपारी इमामभाईंनी मला स्टँडवर गाठलं आणि बाजूला नेलं. या वेळी चेष्टा नव्हती.

"तुम्हारा दिल में क्या है, मेरे कू मालूम नहीं," ते म्हणाले. "पन पीछे लोगां बैठते जी."

तेवढंच म्हणाले आणि गेले. मी पुढची खेप रद्द केली, उतारूंची बोलणी खाल्ली, आणि गाडी घरी आणली.

*

घराशेजारच्या मोकळ्या जागेत मी गाडी लावायचो. अक्का बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया उलटत होती. भलत्या वेळी गाडी बघून उठली. मी तिला सगळं सांगितलं. चाकाचं, खिळ्याचं, धागे दिसतात त्याचं. त्या दुपारचं काही सांगितलं नाही, ते तिला ठाऊकच होतं. मला वाटलं, म्हणेल, येडा झालास का. किंवा रडेल. ती हात पुसत आली आणि चाकापाशी मातीतच बसली. टायरवर हात ठेवला.

"गार हाय," ती म्हणाली.

मी हात लावला. गाडी आत्ताच स्टँडवरून उन्हातून आली होती. बाकीच्या तीन चाकांना हात लाववत नव्हता. हे माठाच्या पोटासारखं गार होतं. इतक्या महिन्यांत मी ते ठोकून बघितलं होतं, तळहात ठेवून कधी बघितलं नव्हतं.

अक्कानं टायरवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "सोड."

मी नुसतं, अक्का... एवढंच म्हणालो.

"त्यास्नी दम लागायचा रं लई," ती म्हणाली. "तुला ठावं न्हाई व्हय? तरी बी तुझ्यापायी इतकं दिस धरून बसल्यात. किती धरावं माणसानं? सोड आता."

मी इतके दिवस समजत होतो की ती हवा मी जपतो आहे. ते दुसऱ्या कुणाला जड जात असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी टोपण काढलं, व्हॉल्व सैल केला. भरलेल्या चाकाची हवा कशी सुटते ते मला माहीत आहे. फुस्सकन सुटते, कानाला टोचते, धूळ उडवते. ही तशी सुटली नाही. हळू, एका संथपणानं येत राहिली. आवाजही फारसा नव्हता. चाक खाली बसायला जितका वेळ लागायला हवा त्याच्या कितीतरी पट लागला. कुरडयांवर चिमण्या उतरल्या, पण अक्कानं त्यांना हाकललं नाही. तिनं व्हॉल्वसमोर तळहात धरला होता. शेवटी तिनं हात काढला आणि पदराखाली घेतला. चाक बसलं होतं.

मग मी ते उतरवलं, टायर सोडवला आणि ट्यूब बाहेर काढली.

त्या दिवशी मी लावलेलं ठिगळ ट्यूबला चिकटलेलंच नव्हतं. टायर उघडताच ते माझ्या मांडीवर पडलं. दोन्ही अंगांना, ठिगळाला आणि ट्यूबला, त्या रस्त्याची पांढरी धूळ बसून वाळून गेली होती. म्हणजे ते नंतर सुटलं असं नव्हे. धुळीवर सोल्युशन धरत नाही. ते पहिल्या दिवसापासूनच सुटलेलं होतं. ठिगळाखालच्या भोकात माझ्या बोटाचं टोक जात होतं. शेजारी नालेच्या खिळ्याचं दुसरं भोक होतं. अशी ट्यूब वडाळ्याच्या अलीकडून पलीकडेसुद्धा पोचत नाही. ती आम्हाला घरी घेऊन आली, आणि पुढे जवळजवळ वर्षभर बार्शीला नेत-आणत राहिली.

आणि म्हणूनच त्या दिवशी चाक लवकर भरत नव्हतं. दाजी फुटक्या ट्यूबमध्ये हवा भरत होते. मी ती फुटकी ठेवली होती.

अक्कानं ते ठिगळ उचलून बघितलं, परत माझ्या हातात दिलं.

नवी ट्यूब होती, नवा टायर होता. ते चढवलं. हवा भरायची म्हणून मी सीटखालची पेटी काढली. मेणकापड सोडलं. पितळ लख्ख होतं, एका कोपऱ्यात मागच्याच्या मागच्या दसऱ्याचं कुंकूसुद्धा होतं. नळी उचलली तर ती माझ्या हातात वाळक्या शेंगेसारखी तुटली. सोलापूरचा उन्हाळा पेटीतल्या रबरालाही सोडत नाही. वापरला असता तर निदान वापरून झिजला असता.

मग उभा पंप घेतला. टोपी काढून सीटवर ठेवली, पट्टीवर पाय रोवले. माझं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे, आणि स्टिअरिंग धरून धरून पोट सुटलेलं. अर्ध्यात मला धाप लागली. मूठ धरून मी तसाच वाकून उभा राहिलो. मान वर करायचा धीर होत नव्हता.

"बापू," अक्का म्हणाली.

जवळजवळ वर्षानं ऐकलं मी ते.

"बस जरा. घाई कुणाला हाय? नळी म्या धरती."

ती व्हॉल्वपाशी बसली आणि तिनं नळीचं तोंड घट्ट धरलं. मी दम खाऊन पुन्हा पंप मारायला लागलो. झाल्यावर तिनं आपलं बोट जिभेला लावलं आणि व्हॉल्ववर टेकवलं.

*

मिलमधल्या एका इंजिनीअरला मी ती ट्यूब नंतर दाखवली. तो म्हणाला, उन्हानं ट्यूब टायरला आतून चिकटली असेल, भोकं तशी बंद झाली असतील. असेल. पण मी टायर उघडला तेव्हा ती कुठेही चिकटलेली नव्हती, सालीतून केळं निघावं तशी निघाली होती. आणि ते चाक गार का होतं, हे मी त्याला विचारलं नाही. इमामभाईंना सगळं सांगितलं तेव्हा ते नुसते गाडीवर हात टेकून उभे राहिले आणि मग माझ्यासाठी चहा मागवला. हेच मला जास्त पटलं.

ट्यूब अजून घरात खुंटीला आहे. तिच्यात मी पुन्हा हवा भरून बघितली आहे, एकदा नव्हे. पंप थांबायच्या आत रिकामी होते.

गाडीवरच्या गड्याला मी पंप मारू देत नाही. स्टँडवरचे लोक हसतात, मालक असून हवा भरतो म्हणतात. हसू देत. मागच्या डाव्या चाकाची हवा आता इतर तिन्हींसारखीच रोज थोडी उतरते. रोज सकाळी मी ती भरतो. अक्का दारात उभी असते. पाठ दुखते, धाप लागते, मध्येच थांबावं लागतं. थांबलो की ती म्हणते, "हळू."